ट्राउटला मराठीत काय म्हणतात?

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या वर्गात इंग्रजीचा एक उतारा शिकवताना ‘ट्राउट’ हा शब्द आला. उताऱ्यातला म्हातारा बर्फाळ नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हा मासा धरतो. एका मुलीने विचारले, “सर, ट्राउटला उर्दूत काय म्हणायचे?” मी म्हटले, “ट्राउटच.” “आणि मराठीत?” “ट्राउटच.” तिला ते पटले नाही. “मग आपल्या येरळेतल्या माशांना तरी नावे आहेत का?” असे तिने विचारले. घंटा झाली म्हणून मी सुटलो. येरळेच्या काठी वडूजला राहून मला मरळ, वाम आणि चिलापी यांच्यापलीकडे एक नाव सांगता आले नसते. हा लेख म्हणजे तिला द्यायच्या राहिलेल्या उत्तराचा शोध आहे.

आधी ट्राउटविषयी. हा थंड पाण्याचा मासा. दहा ते सोळा अंश तापमानाचे, वाहते आणि स्वच्छ पाणी त्याला मानवते. पंचविशीच्या आसपास पाणी तापले की त्याचा जीव धोक्यात येतो. कारण साधे आहे. पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. आमची येरळा खटावच्या डोंगरात उगम पावते, अवर्षणाच्या पट्ट्यातून दक्षिणेला जाते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात तिचे डबके होते आणि ते डबकेही तापते. तिथे ट्राउट एक आठवडा काढणार नाही. ज्या पाण्यात मासा कधी राहिलाच नाही, त्या काठच्या भाषेत त्याला नाव असणार कुठून? मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

हा मासा धरण्याची विलायती रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. गळाला गांडूळ किंवा पीठ न लावता पिसे, लोकर आणि रेशमाचा दोरा गुंडाळून खोटी माशी तयार करतात. तिला वजन जवळपास नसते. म्हणून दोरीच जड घेतात आणि लवचिक काठीने ती दोरी हवेत पुढेमागे झुलवून माशी पाण्यावर अलगद टेकवतात. आपल्या भाषेत सांगायचे तर माशीने मासा धरायचा. रोमन काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास, एलियन नावाच्या लेखकाने मॅसिडोनियातले लोक लाल लोकर आणि पिसे बांधून असे मासे धरतात, अशी नोंद केली आहे.

थंडीत हा खेळ कठीण होतो. माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड असते. पाणी चार-पाच अंशांवर आले की त्याची भूक मंदावते. तो धार सोडून डोहाच्या तळाशी जातो आणि घास तोंडापाशी आला तरच तोंड उघडतो. त्या दिवसांत पाण्यावर किडेही बारीक, तांदळाच्या दाण्याहून लहान. म्हणून खोटी माशीही तेवढीच लहान बांधतात आणि तळालगत संथ वाहू देतात. सकाळची घाई उपयोगाची नसते. दुपारी ऊन पडून पाणी अर्धा-एक अंश वर आले की तासा-दोन तासांचा मोका मिळतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत काही नद्यांवर लोक असे हिवाळाभर उभे असतात. काश्मिरात मात्र हिवाळ्यात बंदी असते, कारण तपकिरी ट्राउट नेमकी तेव्हाच अंडी घालते.

काश्मिरात ती आली कशी, हा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. साहेब इथे आला तेव्हा हवा, खाणे आणि खेळ यांपैकी जे जे त्याला विलायतेची आठवण देई ते ते त्याने इथे आणू पाहिले. डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८६३ साली निलगिरीत ट्राउट आणायचा प्रयत्न केला, तो फसला. १८९९ साली काश्मीरसाठी ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली दुसरी खेप आली आणि ती जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी तिची देखभाल केली आणि पुढे हारवनला उबवणी केंद्र उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीतही इंद्रधनुषी ट्राउट रुजली. काश्मीरच्या नद्यांत मूळची हिमट्राउट होतीच. तिच्यावर पिढ्यान्पिढ्या पोट भरणारे हांजी मच्छीमारही होते. पण साहेबाच्या लेखी ती ‘खेळाची’ मासळी नव्हती. पाहुणी ट्राउट मांसाहारी. जिथे ती बळावली तिथे घरच्या मासळीला जड गेली.

आता कुणी म्हणेल, काश्मीर कुठे, स्कॉटलंड कुठे आणि आमचा सातारा कुठे! मलाही तसेच वाटले होते. पण या खेळाची हत्यारे कशाची होती हे वाचू लागलो आणि वाट थेट सह्याद्रीत येऊन पोचली.

पहिले हत्यार काठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांबूच्या लांब पट्ट्या तासून, त्या चिकटवून काठ्या करण्याची कला इंग्लंड-अमेरिकेत बहरली. त्या काळी त्यासाठी जो बांबू वापरत त्याचे बाजारातले नावच ‘कलकत्ता’ होते. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसरे हत्यार पीस. राखी रानकोंबडा हा केवळ आपल्या द्वीपकल्पाचा पक्षी. कोयनेच्या आणि महाबळेश्वरच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकू येते. नराच्या मानेवरच्या काळसर पिसांवर पिवळे-पांढरे ठिपके असतात, मीनाकाम केल्यासारखे कडक आणि चकचकीत. हे पीस खोट्या माशीच्या बाजूला बांधले की पाण्यात डोळ्यासारखे चमकते आणि मासा फसतो. सामन आणि ट्राउटच्या कितीतरी नामांकित माश्यांना हेच पीस लागे. आपल्या रानात कुणीतरी पहाटे फास लावी, कोंबडा अडके, मानेची कातडी वाळवून गठ्ठ्यात जाई, बंदरातून बोटीत चढे आणि थंड देशातल्या एखाद्या सरदाराच्या टोपीवर माशी होऊन बसे.

त्याच काळात बायकांच्या टोप्यांसाठीही पिसांची मोठी लूट चालू होती. ती इतकी वाढली की ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १९०२ साली पक्ष्यांची कातडी आणि पिसे बाहेर पाठवण्यावर बंदी घातली. चोरटा व्यापार तरीही थांबला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण दिले. आज विलायतेत हौशी लोक हा पक्षी पिंजऱ्यात पाळून त्याची पिसे विकतात. या पक्ष्याचे शास्त्रीय नाव सोनेरा नावाच्या एका फ्रेंच प्रवाशावरून पडले आहे. ज्याने फास लावला त्याचे नाव कुठल्याही वहीत नाही. उलट १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि रानात फास लावून जगणाऱ्या कितीतरी फिरत्या जमातींवर पुढे जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. त्याच फाशात सापडलेले पीस टोपीत खोवणारा मात्र शौकीन ठरला.

पण गळ टाकणे हा काही साहेबानेच शिकवलेला खेळ नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३०च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. माशांच्या जाती, कुठला समुद्रातला आणि कुठला नदीतला, कुणाला काय खाऊ घालायचे, काठी-दोरी-गळ कसे असावेत, हे सारे त्यात आले आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर लेख लिहून ते जगापुढे ठेवले. इंग्रजीतले गळाने मासे धरण्यावरचे पहिले छापील पुस्तक १४९६चे. म्हणजे आमच्या दख्खनचा राजा साडेतीनशे वर्षे पुढे होता.

आणि आपल्या वाचकांना जहांगीर बादशहाची गोष्ट सांगायलाच हवी. १६०७ साली काबूलच्या वाटेवर हसन अब्दालला मुक्काम असताना त्याने स्वतः जाळे फेकले. दहा-बारा मासे सापडले. त्यांच्या नाकात मोती ओवून त्याने ते परत पाण्यात सोडून दिले, असे तो आपल्या ‘तुझुक’मध्ये लिहितो. बादशाही लहर म्हणून ती सोडून देता येईल. पण मासा धरून सोडण्याची नोंद म्हणून ती मोलाची आहे. आमच्या घरांत मासा म्हणजे जबह न करता हलाल असलेले, गरिबाला परवडणारे अन्न. पोटासाठी धरलेल्या माशाबद्दल कुणाचे काही म्हणणे नाही. पण नुसत्या मौजेसाठी जीव तडफडवू नये, हेही आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आता मुलीचा दुसरा प्रश्न. आपल्या माशांना नावे आहेत का? आहेत, आणि ती अशा ठिकाणी लिहून ठेवलेली आहेत जिथे आपण कधी डोकावत नाही.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा मुंबई सैन्यातला अधिकारी. एल्फिन्स्टनने १८२४ साली त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. साइक्सने पिके, पाऊस आणि वजने-मापे मोजता मोजता भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतले मासेही गोळा केले. १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीत त्याचा ‘दख्खनचे मासे’ हा निबंध प्रसिद्ध झाला आणि १८४१ साली तो चित्रांसह निघाला. त्याने नव्या माशांची नावे ठेवताना लॅटिनचा फार विचार केला नाही. काठावरच्या मच्छीमाराने जे नाव सांगितले तेच त्याने बऱ्याच माशांना दिले. खुदरी, मसला, कोळस, फुलंगी, बोगट, मल्या, शिंघाळा, घोगरा. इंग्रजी स्पेलिंगने ती मोडली-वाकली, पण जगभरच्या शास्त्रज्ञांना आज ‘टोर खुदरी’ म्हणावेच लागते, ‘गारा मल्या’ म्हणावेच लागते. लंडन असो की टोकियो, आमच्या भोयाचा आणि कोळ्याचा शब्द तिथे चालतो. एका माशाचे नाव साइक्सने ‘पोटेल’ लिहिले आहे. त्या काळच्या इंग्रजी दप्तरांत गावच्या पाटलाचे स्पेलिंगही हुबेहूब असेच सापडते. हा मासा डोहाचा पाटील असावा, असे मला वाटते.

यातल्या एका नावाने मला चांगलेच फसवले. इंद्रायणीत चाकणजवळ मिळालेल्या माशाला साइक्सने जे नाव दिले ते इंग्रजीत ‘नुक्ता’ असे वाचता येते. मी उर्दू शिकवणारा माणूस. मला लगेच नुक़्ता दिसला, बे आणि ते या अक्षरांत फरक करणारा. माशाच्या अंगावर ठिपका असेल, नाव आपल्याकडून गेले असेल, म्हणून मी खूश झालो. मग चित्र पाहिले. ठिपका नव्हे, त्याच्या तोंडावर खाच आणि वर टेंगूळ. तेव्हा ध्यानात आले की त्या काळचे इंग्रज ‘अ’चा उच्चार ‘यू’ने लिहीत. शब्द ‘नकटा’ असला पाहिजे. चोचीवर टेंगूळ असलेल्या बदकालाही आपल्याकडे नकटाच म्हणतात. माझ्या वर्गात मुले नुक़्ता चुकवतात तेव्हा मी रागावतो. इथे मी नुक़्ता नको तिथे दिला! आपले शोधायच्या घाईत दुसऱ्याचे पुसायला नको, एवढा धडा मला त्या माशाने दिला. हा नकटा कृष्णेच्या खोऱ्यातही आढळतो आणि आज तो संकटात असलेल्या जातींच्या यादीत आहे.

ही परंपरा साइक्सपाशी संपली नाही. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ साली कृष्णा खोऱ्यातल्या एका छोट्या माशाचे वर्णन केले. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. त्यांनी त्याचे शास्त्रीय नावच ‘खवलचोर’ ठेवले. आमच्या मुलांना हे नाव सांगितले तेव्हा वर्ग हसून हसून बेजार झाला, आणि एकही मूल ते विसरलेले नाही.

साइक्सची खुदरी म्हणजे महसीर. महसीर हे नाव ‘माही-शेर’वरून आले असे फारसी जाणणारे म्हणतात, ‘महाशिर’वरून आले असे संस्कृत जाणणारे म्हणतात. मासा दोघांचाही आहे. हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहून महसीर हा विलायती सामनच्याही वरचढ आहे असे साहेबांना पटवले. पुढे धरणे, सुरुंग आणि विष यांनी तो कमी होत गेला. टाटा कंपनीने १९७०च्या दशकात लोणावळ्याला महसीरची उबवणी सुरू केली, हे मोठेच काम. पण तिथली पिल्ले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. कावेरीत पाठीवर कुबड असलेला तिचा स्वतःचा महसीर होता. १९४६ साली १२० पौंडांचा विक्रमी मासा मिळाला तो तिथेच. आमची खुदरी तिथे फोफावली आणि कुबडवाला हटत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख नक्की झाली, तीच अतिसंकटग्रस्त म्हणून. म्हणजे काश्मिरात साहेबाच्या ट्राउटने जे केले ते कावेरीत आमच्या मराठी माशाने केले, आणि तेही चांगल्या हेतूने. पाहुणा परका असो की शेजारचा, नदीला विचारल्याशिवाय आणला तर नुकसान घरच्यांचेच होते.

हे आमच्या दाराशीही घडले आहे. चिलापी आपण इतकी आपली मानली आहे की ती आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली, हे सांगितले तर बाजारात कुणी विश्वास ठेवत नाही. नेर तलावाकडे आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी येते. तहानलेल्या तालुक्याला ते हवेच होते, त्याबद्दल शंका नाही. पण पाण्याबरोबर काय आले आणि आधी काय होते, हे सांगायला आधीची यादी लागते. ती कुणाकडे आहे?

म्हणून त्या मुलीलाच मी सुट्टीचा अभ्यास दिला. घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना नदीतल्या माशांची नावे विचारून आणा. वर्गातल्या सगळ्यांनी आणली. उर्दूत लिहिलेली, मराठीत लिहिलेली, काही दोन्हींत चुकलेली. सतरा नावे जमली. त्यातले पाच मासे मुलांनी डोळ्यांनी पाहिले होते. कोळशी, शिंगटी, मळ्या, घोगऱ्या ही नावे साइक्सच्या यादीशी जुळताना पाहून माझ्या अंगावर काटा आला. एका मुलाची नानी म्हणाली, “अब कां की मच्छी, बेटा. नाम बचे हैं.” दोनशे वर्षांपूर्वी ज्याने साइक्सला ही नावे सांगितली तो भोई कोण होता हे आपल्याला कळणार नाही. या वेळी मात्र प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचे नाव लिहायचे, असा नियम आम्ही केला आहे. ती वही शाळेच्या कपाटात आहे.

सूरह कहफमध्ये हजरत मूसांची गोष्ट आहे. प्रवासात बरोबर घेतलेला मासा पाण्यात निसटतो, सोबतचा तरुण ते सांगायला विसरतो आणि दोघे पुढे निघून जातात. ज्यांना शोधायचे ते खिज्र तिथेच भेटणार होते, जिथे मासा हरवला. मग आपल्याच पावलांच्या खुणा धरत दोघे मागे फिरतात. येरळेच्या पुलावरून जाताना हल्ली मला ती गोष्ट आठवते. आपणही बरेच पुढे आलो आहोत. मासा कुठे निसटला ते सांगणारी माणसे अजून गावात आहेत, तोवर मागे फिरून विचारून घ्यायला हवे.